नद्या मोजत मालवणला

सारोळ्याच्या पुलाखालून नीरा जाते. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. आम्ही त्या पुलावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं आणि सहा वर्षांची थोरली डोळे चोळत खिडकीबाहेर बघत होती. तिच्या पायाशी पिशवीत एक वही होती. आदल्या रात्री तिने त्या वहीत दोन रकाने आखून ठेवले होते, एक नद्यांचा आणि दुसरा गाड्यांच्या नंबरांचा. नीरेचं नाव तिने मोठ्याने घोकलं, पण लिहिलं ते शिरवळला थांबल्यावर. चालत्या गाडीत लिहायचं नाही आणि पुस्तक बघायचं नाही, हा नियम घरूनच ठरला होता आणि त्याचं कारणही तिला माहीत होतं.

पुण्याहून मालवण साधारण पावणेचारशे किलोमीटर. नुसती मोठी माणसं असली की पहाटे निघतात आणि दुपारच्या जेवणाला पोचतात. आम्ही कोल्हापुरात एक मुक्काम धरला होता. गाडीत मी, नवरा, सासूबाई, थोरली आणि अडीच वर्षांचा धाकटा. फोंडा घाट मुलांना घेऊन अंधारात उतरायचा नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की लहान मुलाला दिवसाकाठी काही तास तरी धावायला, लोळायला, मातीत बसायला मिळालंच पाहिजे. ते मिळालं नाही की संध्याकाळी तो गाडीत रडतो आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. खरं तर त्या वेळी त्याचं अंग आखडलेलं असतं, मांड्यांना घाम आलेला असतो, आणि हे सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात.

निघताना दोघांनाही झोपेतच उचलून आणलं. पहाटे साडेचारला मुलांना उठवून, दात घासून, दूध पाजून निघायचं म्हटलं तर घरातच सात वाजतात आणि मुलं चिडचिडी होतात ती वेगळीच. रात्रीच्या कपड्यांवरच सीटमध्ये बसवायचं, पट्टे लावायचे, पांघरूण घालायचं. कात्रजचा बोगदा आणि खेड शिवापूरचा टोलनाका दोघांनी झोपेतच पार केला. बोगदा चुकला म्हणून थोरली मागाहून हळहळली. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा बोगदा दाखवीन, असं मी तिला कबूल केलं. आम्ही गेलो तेव्हा साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या जुन्या घाटानेच चढत होत्या. बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी होता.

मुलांच्या सीटांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आमच्याकडे अजून तो वादाचा विषय आहे. मागच्या बाकावर दोन्ही खिडक्यांशी दोन सीटा बसवल्या होत्या. धाकटा पाठमोऱ्या बैठकीतून नुकताच समोर तोंड करून बसायला लागला होता. त्याला खांद्यांवरून आणि दोन पायांमधून येणारे पाच पट्टे. थोरलीला उंचवटा देणारी सीट आणि गाडीचाच नेहमीचा पट्टा. मध्ये मोठ्यांपैकी जो गाडी चालवत नसेल तो. सासूबाई पुढे. गाडी लहान असल्यामुळे मधल्या माणसाची अडचण होते, हे खरं आहे. ती सोसायची.

शिरवळ येईपर्यंत धाकटा जागा झाला आणि पट्ट्यांशी झटापट करू लागला. सासूबाईंचा जीव वरखाली झाला. "अगं, घे की त्याला मांडीवर थोडा वेळ. रडतंय ते पोर."

"आई, दहा मिनिटांत थांबतोय. थांबल्यावर घेते."

"आमच्या वेळी तिघं पोरं मांडीवर घेऊन रात्रभर एसटीने जायचे मी. काही झालं नाही."

त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी खोटं नाही. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. त्याआधी मालवणच्या माणसाला एसटीवाचून गती नव्हती, आणि त्या एसटीत मूल आईच्या मांडीवरच असायचं. पण ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळली, तर तेरा किलोचं मूल त्या क्षणी अडीच-तीनशे किलोच्या ओढीने पुढे फेकलं जातं. इतकं वजन धरून ठेवणारे हात कुणाही आईला नाहीत, तिची माया कितीही असो. मूल मोठ्या माणसाच्या पट्ट्याच्या आत मांडीवर असेल तर त्याहून वाईट, कारण मागच्या देहाचा सगळा भार त्याच्यावर येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातलं कलम १९४ब हेच सांगतं: १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट हवी, नाहीतर १,००० रुपये दंड. दंडाचं मला फारसं अप्रूप नाही. मला एवढंच वाटतं की बारशाला पाळणा घेताना जितका विचार होतो, तितका या सीटसाठीही घराघरांत व्हावा. पाळणा काही महिने पुरतो, ही सीट काही वर्षं.

शिरवळला थांबल्यावर सासूबाईंनी धाकट्याला कडेवर घेतलं, वडाच्या सावलीत फिरवलं, त्याला कोंबड्या दाखवल्या. मी दशमी आणि गूळ काढला. सासूबाईंनी आदल्या दिवशी दुधात भिजवून दशम्या केल्या होत्या. त्या दोन दिवस मऊ राहतात, हाताला तेल लागत नाही आणि पोटाला जड होत नाहीत. प्रवासात मुलांना तळलेलं द्यायचं नाही, पोट उपाशीही ठेवायचं नाही. राजगिऱ्याचे लाडू, केळी, साळीच्या लाह्या, उकडलेलं रताळं. हायवेच्या हॉटेलांत चकचकीत पाकिटं टांगलेली असतात, तिकडे मुलांचा डोळा जातोच. पण पोट आधीच भरलेलं असलं की मागणी फार वेळ टिकत नाही. अर्ध्या तासाने सासूबाईंनी स्वतःच धाकट्याला सीटमध्ये बसवलं आणि पट्ट्याचा 'खट्' आवाज झाल्यावर "झालं हो" म्हणाल्या. त्या एका थांब्याने आमचा वाद जितका मिटला तितका माझ्या बोलण्याने मिटला नसता.

आता गाडी लागण्याबद्दल. थोरलीला गाडी लागते. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. गाडी वळते, चढते, ब्रेक लागतो, ते सगळं तिला जाणवतं. डोळे मात्र त्या वेळी पुस्तकावर किंवा मोबाईलवर खिळलेले असले, तर ते मेंदूला सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. या दोन परस्परविरोधी निरोपांनी मळमळ सुरू होते. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हे सहसा होत नाही. त्यानंतर बारा वर्षांपर्यंत त्रास अधिक. उपाय सोपा आहे: डोळ्यांनाही प्रवास दिसू द्यायचा. लांबवर बघायचं, डोंगराकडे, क्षितिजाकडे, समोरच्या वळणाकडे. लहान मूल साध्या बाकावर बसलं तर त्याच्या नजरेसमोर पुढच्या सीटची पाठ येते, बाकी काही नाही. उंच सीटमध्ये बसलं की डोकं खिडकीच्या काचेशी येतं आणि रस्ता दिसायला लागतो. मुलाचा जीव सांभाळणारी सीटच त्याला बाहेरचं जग दाखवते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

म्हणूनच मोबाईलवर चित्रफिती लावून मुलांना गप्प बसवण्याला माझा विरोध आहे. मूल गप्प बसतं आणि तास निघून जातो, हे मान्य. पण मूल गाडीत असूनही त्या रस्त्यावर नसतं. साताऱ्याचा डोंगर, कऱ्हाडचं पाणी, कोल्हापूरची माती, यांतलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोचतं ते फक्त घर आणि मुक्काम. मधले पावणेचारशे किलोमीटर त्याच्यासाठी घडलेलेच नसतात. मुलांना रस्ता द्यायला हवा, आणि तो देण्यासाठी आपल्याला त्या रस्त्याची थोडी माहिती करून घ्यावी लागते. मी जाण्याआधी दोन संध्याकाळी नकाशा घेऊन बसले होते.

खंबाटकी चढताना थोरली समोर बघत होती आणि वळणं मोजत होती. तोंडात आवळासुपारी. काच दोन बोटं खाली. घाट विनाविघ्न पार पडला. पलीकडे उतरल्यावर नंबरांचा रकाना सुरू झाला. पुण्यात एमएच १२ आणि पिंपरी-चिंचवडची एमएच १४ यांचीच गर्दी. इथे एमएच ११ दिसू लागल्या. ११ म्हणजे सातारा. कऱ्हाडजवळ एमएच ५०, पेठ नाक्याच्या आसपास सांगलीची १०, कोल्हापुरात ०९, आणि घाटाखाली ०७. पुण्याकडे निघालेल्या, आंब्याच्या पेट्या लादलेल्या एका टेम्पोवर तिला भुईंजच्या आधीच ०७ दिसली आणि ती सीटमध्ये ताठ होऊन ओरडली, "आजी, मालवणची गाडी!" सासूबाईंनी मान वळवून त्या टेम्पोकडे पाहिलं आणि हात जोडले.

भुईंजला कृष्णा ओलांडली. डावीकडे चंदन आणि वंदन हे जोडकिल्ले दिसत होते, सकाळचं ऊन अंगावर घेऊन बसलेले. कृष्णेचं पात्र इथे अजून अरुंद आहे. महाबळेश्वरातून निघून, धोम धरणातून, वाईच्या घाटांवरून ती इथे येते. थोरलीला मी सांगितलं, "ही आता आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे. कधी स्वतः, कधी तिच्या माणसांच्या रूपाने." पुढे साताऱ्याशी वेण्णा लागली. ती संगम माहुलीला कृष्णेत जाते. कऱ्हाडला कोयना लागली. कृष्णा, वेण्णा आणि कोयना, तिघी महाबळेश्वरच्या. निघताना वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, म्हणून त्याला प्रीतिसंगम म्हणतात. आम्ही हायवे सोडून संगमावर गेलो. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे, भोवती बाग आहे, मोठी झाडं आहेत, आणि पाण्यापर्यंत उतरता येतं. मुलांना तासभर तिथे सोडलं. धाकटा वाळूत बसून खडे पाण्यात टाकत राहिला. एका वेळी एक खडा, आणि प्रत्येक खड्यानंतर आमच्याकडे बघून टाळी. हायवेवरून गेलो असतो तर तो तास वाचला असता. तो वाचवून आम्ही काय करणार होतो, हे मला सांगता आलं नसतं.

साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाची कामं चालू होती. वळणरस्ते, धूळ, अचानक संपणारी लेन, उलट दिशेने येणारी दुचाकी. अशा रस्त्यावर चालवणाऱ्याचं लक्ष मागच्या रडण्याकडे गेलं तर अनर्थ होतो. आमच्यात ठरलेलं होतं की चालवणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही, हात मागे करून बाटली द्यायची नाही, भांडण सोडवायचं नाही. ते सगळं मधल्या माणसाचं काम. आणि मधल्याला आवरेना झालं की गाडी बाजूला घ्यायची, तीही हायवेच्या कडेला नाही, पेट्रोलपंपाच्या किंवा हॉटेलच्या आवारात.

पेट्रोलपंप म्हटला की एक गाऱ्हाणं आलंच. एका पंपावर स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नव्हतं. दुसरीकडे दार उघडं होतं, पण आत पाणी नव्हतं. थोरलीने नाकाला रुमाल लावला आणि "नको मला" म्हणाली. मुली अशा वेळी धरून ठेवतात, पाणी पिणं कमी करतात, आणि मेच्या उन्हात ते फार वाईट. बायका आयुष्यभर हेच करत आल्या आहेत. सहा वर्षांची मुलगीही हायवेवर तेच शिकते, याचं मला दुःख होतं. धाकट्यासाठी डिकीत लहान प्लास्टिकचं भांडं होतं, झाकणासकट. शेवटी थोरलीनेही गाडीच्या दोन उघड्या दारांमध्ये चादर धरून तेच वापरलं. एसटीच्या स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष असतात. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या आईचं नाव त्यांना दिलं आहे. इतक्या टोलच्या रस्त्यावर दर पन्नास किलोमीटरला एक स्वच्छ, उघडी, पाण्याची खोली मुलांना आणि बायकांना मिळावी, ही मागणी मी जाईन तिथे करते आणि करत राहणार.

वारणा ओलांडली, कोल्हापूर जिल्हा लागला, आणि पंचगंगेच्या पुलावर दुपार झाली. धाकटा पेठ नाक्यापासून झोपला होता. त्याची दुपारची झोप आणि गाडीचा सलग पल्ला, दोन्हींची गाठ घालणं ही लहान मुलांसोबतच्या प्रवासातली मोठी कला आहे. तो झोपला की आम्ही थांबत नाही, चहासाठीसुद्धा नाही. आणि तो झोपेत असताना गाडीत ठेवून "दोन मिनिटांत येतो" म्हणत कुणी उतरतही नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं.

कोल्हापुरात नवऱ्याच्या मावशींकडे उतरलो. मावशींनी मुलांसाठी वेगळं, बिनतिखटाचं जेवण करून ठेवलं होतं आणि आमच्यासाठी तांबडा-पांढरा. संध्याकाळी रंकाळ्यावर मुलं दमेपर्यंत धावली. रात्री काका आम्हाला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर घेऊन गेले. तिथे म्हशी आणून बांधलेल्या असतात आणि समोर धार काढून फेसाळतं दूध पेल्यात देतात. धाकट्याने दूध पिशवीतून येतं एवढंच पाहिलं होतं. त्याने म्हशीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, पुन्हा म्हशीकडे पाहिलं आणि गंभीरपणे "थँक्यू" म्हणाला. म्हशीच्या मालकाने त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधानगरीची वाट धरली. हा रस्ता मला सगळ्यांत प्रिय. हायवेचा दणदणाट मागे राहतो, उसाची शेतं जवळ येतात, गावं रस्त्यालाच खेटून असतात आणि गाडी आपोआप हळू होते. भोगावती सोबतीला. पंचगंगेच्या पाच प्रवाहांत कासारी, कुंभी, तुळशी, सरस्वती यांच्याबरोबर हिचं नाव घेतात. थोरलीने वहीत रात्री मावशींच्या टेबलावर बसून एक झाड काढलं होतं. बुंधा कृष्णेचा. फांद्या वेण्णा, कोयना, वारणा, पंचगंगा. नीरेचं काय करायचं म्हणून ती अडली होती, तेव्हा मी सांगितलं की नीरा भीमेला मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेला. मग भीमेची एक लांब फांदी आली. आता पंचगंगेच्या फांदीला भोगावतीची डहाळी.

राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. आपल्या लेकीच्या, राधाबाईंच्या, नावाने त्यांनी गाव वसवलं. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत; पाणी ठरावीक पातळीला चढलं की त्याच्या दाबाने ते आपले आप उघडतात. कुणी माणूस न लावता दरवाजा उघडतो हे ऐकून दोन्ही मुलं थक्क झाली. मेमध्ये पाणी खाली गेलेलं, काठाची लाल माती उघडी पडलेली. "मग पाऊस पडल्यावर येऊ," थोरली म्हणाली, आणि नवऱ्याने लगेच होकार भरला.

पुढे दाजीपूरचं जंगल. १९५८ साली हे गव्यांसाठी अभयारण्य म्हणून राखलं गेलं. गवा दिवसाढवळ्या रस्त्यावर दिसेल अशी आशा मी मुलांना लावली नव्हती. पण एका झाडाच्या उंच फांद्यांत पानाकाटक्यांचा मोठा गोळा दिसला. ते शेकरूचं घरटं. शेकरू एकाच वेळी बरीच घरटी बांधतो, असं मी सांगितल्यावर त्यांतल्या खऱ्या घराचा शोध सुरू झाला आणि जंगल संपेपर्यंत गाडीत कुणी "अजून किती लांब?" विचारलं नाही. तो प्रश्न मुलं अंतरासाठी विचारत नाहीत. बाहेर बघण्यासारखं काही उरलं नाही की विचारतात.

घाटाच्या तोंडाशी आम्ही मुद्दाम थांबलो. इथून पश्चिमेला जमीन एकदम तुटते. खाली धुरकट निळ्या उन्हात कोकण पसरलेलं, आणि त्यापलीकडे कुठेतरी समुद्र. थोरली बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "समुद्र तर इकडे आहे. मग कृष्णा तिकडे पाठ करून का गेली?"

हा प्रश्न मी तिला सुचवलेला नव्हता. मी तिला हाताचा तळवा तिरका धरून दाखवलं. सह्याद्रीचा माथा म्हणजे ही पश्चिमेची कड. कडेच्या आत पडलेला थेंब पूर्वेच्या उताराने जातो. कृष्णा जिथे उगम पावते तिथून अरबी समुद्र साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, पण ती सुमारे १४०० किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. आणि कडेच्या या बाजूला पडलेला थेंब? "तो आपल्याबरोबर मालवणला," ती म्हणाली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. "मी इतकी वर्षं या घाटातून येते-जाते," त्या मला म्हणाल्या, "माझ्या मनात नाही आलं कधी हे."

फोंडा घाट उतरताना नवरा चालवत होता. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय घासत न ठेवता, वळणावर हॉर्न देत, चढणाऱ्या गाडीला आधी वाट देत. मुलं गाडीत असली की घाटातली वळणं मोठ्या कमानीत आणि सावकाश घ्यायची. निम्मी मळमळ तिथेच थांबते. तरी निम्म्या घाटात थोरलीचा चेहरा पांढरा पडला. ती काही बोलली नाही, नुसती गिळत राहिली. मुलं अशी गप्प झाली की समजावं. पिशवी हाताशीच होती. उलटी झाली, आम्ही रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, तिला खाली उतरवलं, तोंड धुतलं, कपडे बदलले. सासूबाईंनी पदराने तिचं कपाळ पुसलं, चिमूटभर मीठ-साखर पाण्यात घालून घोट घोट पाजलं आणि घाई करू दिली नाही. उलटी झालेल्या मुलाला ओशाळं वाटू नये, एवढी काळजी मोठ्यांनी घ्यावी. कपडे धुतले जातात, सीटचं कापड निघतं. "शी, काय केलंस" हे शब्द मात्र पुढच्या घाटात त्याच्या पोटात आधीच असतात.

धाकट्याच्या कानांना दडे बसून ते दुखू लागले होते. तो कानावर हात मारत होता. उंची झपाट्याने उतरली की असं होतं. गिळलं की कान मोकळे होतात. त्याला बाटलीने थोडं थोडं पाणी देत राहिलो. फोंड्याच्या बाजारात पोचेपर्यंत तो पुन्हा हसायला लागला होता.

खाली हवा पार बदलली. घामाने कपडे अंगाला चिकटले, काजूच्या बियांचा आणि पिकल्या फणसाचा वास आला. फोंड्याला कोकमाचं सरबत घेतलं. एक म्हातारी पानांच्या द्रोणात करवंदं विकत बसली होती. थोरलीने तिला विचारलं, "तुमची नदी कुठली?" म्हातारीने आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, हात पश्चिमेकडे केला आणि खूप काही सांगितलं. तिची मालवणी मला निम्मीच कळली. सासूबाईंना सगळी कळली, आणि त्या दोघी तिथेच बोलत बसल्या. आम्ही त्यांना उठवलं नाही.

कणकवलीला गड नदी ओलांडली. पात्रात पाणी थोडंच होतं, खडक वर आलेले. थोरलीने वहीत नवं पान काढलं. कृष्णेच्या झाडावर हिला जागा नव्हती. त्या पानावर एकच रेघ, आणि टोकाला समुद्राच्या लाटा. पुढे मुंबई-गोवा महामार्ग, मग कसालचा फाटा, आणि मग लाल मातीच्या कडेचा, आमराईंतून जाणारा रस्ता. आता सगळ्याच गाड्या एमएच ०७. तिने मोजणं सोडून दिलं.

अंगणात गाडी शिरली तेव्हा काकी पायरीवर उभ्या होत्या. "इलास? पोरां दमली असतली गे," त्या म्हणाल्या. पोरं दमलेली नव्हती. पट्टे सुटताच दोघं विहिरीकडे धावली आणि नवरा त्यांच्यामागे. अंग आखडलं होतं ते आमचं.

दोन दिवसांनी काका मुलांना होडीने खाडीच्या तोंडाशी घेऊन गेले. कणकवलीच्या पुलाखालून गेलेली गड तिथे समुद्राला मिळते. थोरलीने पाणी चाखून पाहिलं आणि खारट लागल्याचं वहीत नोंदवलं.

परतताना आंबोलीने जायचं ठरलं आहे. वाट थोडी लांब पडते, पण आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम आहे, आणि ती कडेच्या आतली. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी ती जाते, आमचा रस्ताही बराचसा तिच्याच बाजूने. पुढे ती घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला मिळते, म्हणजे झाडाला दोन फांद्या वाढणार. संकेश्वर कर्नाटकात असल्यामुळे नंबरांच्या रकान्यात केए येणार, याचा थोरलीला वेगळाच आनंद आहे. धाकट्याची मागणी म्हशीची आहे. सासूबाईंनी सकाळीच दशम्यांचं दूध बाजूला काढून ठेवलं, आणि त्यांची एकच अट आहे: आजऱ्यात थांबून घनसाळ तांदूळ घ्यायचा, किमान दहा किलो. डिकीत तेवढी जागा आहे का, ते नवरा बघतो आहे.